परबमावशींचा कीर

परबमावशींच्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर एक कात्री असायची. बोटभर लांबीची, काळ्या नाडीला बांधलेली. परबकाका गेल्यावर मंगळसूत्र गेलं, कात्री राहिली.

अंधेरीच्या एमआयडीसीत तयार कपड्यांच्या एका कारखान्यात त्यांनी सव्वीस वर्षं चेकर म्हणून काम केलं होतं. टेबलावर शर्ट येत. ते उलटसुलट करून बघायचे, लोंबते धागे कापायचे आणि तीन ढीग लावायचे. पास, आल्टर आणि रिजेक्ट. निवृत्त झाल्यावर टेबल सुटलं, पण तपासणी काही थांबली नाही. बोरीवलीच्या आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये त्या तुमच्याबरोबर शिरल्या, की तिसरा मजला येईपर्यंत तुमची कॉलर, बाही, बटणपट्टी सगळं नजरेखालून गेलेलं असे. धागा दिसला की हात पुढे यायचा, कच्च असा आवाज व्हायचा आणि मावशी म्हणायच्या, "आता जा."

एकदा इमारतीच्या पुनर्बांधणीसाठी बिल्डरचा माणूस गच्चीत सभा घ्यायला आला. कोट वगैरे घालून आला होता. तो पडद्यावर चित्रं दाखवत असताना पहिल्या रांगेतून मावशी उठल्या आणि सरळ त्याच्याकडे चालू लागल्या. कार्पेट एरियाबद्दल काहीतरी झणझणीत विचारणार म्हणून आम्ही सगळे सावरून बसलो. मावशींनी त्याचा उजवा हात वर केला, काखेतला लोंबता धागा कापला आणि "शिवण उसवत होती, चालू द्या तुमचं" म्हणून जागेवर येऊन बसल्या. त्यानंतर त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत सूर सापडला नाही.

माणसांचेही त्या तीन ढीग करत. आम्ही शेजारी राहायला आलो त्या महिन्यातच माझ्या बायकोला, मेघनाला, त्यांनी माझा निकाल सांगून टाकला होता. "तुझो नवरो आल्टरातलो. टाकूक नको. एक शिवण उसवून परत घातली की चलात." मेघनाने तो मला हसत हसत सांगितला. मीही हसलो. मावशींचा तो अंदाज माझ्या बाबतीत जरा जास्तच दयाळू होता, हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

चाळीस वर्षं मुंबईत राहून मावशींची भाषा अर्धी मुंबईची झाली होती. मात्र आनंद, राग किंवा काळजी यातलं काही झालं की मालवणी बाहेर यायची. त्यांचं माहेर आंबोलीच्या बाजूला, घाटमाथ्याच्या खाली जंगलाला चिकटलेल्या एका वाडीत. तिथे पावसाळ्यात महिना महिना ऊन दिसत नाही, वाळत घातलेल्या कपड्यांवर बुरशी येते, असं त्या कौतुकाने सांगत. तिथूनच त्यांनी तो पक्षी आणला होता.

भावाच्या बाराव्याला त्या गावी गेल्या होत्या. वाटेतलं एक जुनं झाड कुणीतरी पाडलं होतं आणि त्याच्या ढोलीतून पडलेलं पिल्लू पाचोळ्यात तसंच होतं. डावा पंख मोडलेला. मावशींनी ते उचललं, ब्लाउजपीसच्या खोक्याला कात्रीने भोकं पाडली आणि एसटीत मांडीवर घेऊन मुंबईला आल्या. रस्ताभर त्याला पिकलेलं केळं चिमटीने भरवत होत्या. परबकाका म्हणाले होते, दोन दिवस जगेल. तो अकरा वर्षं त्यांच्याकडे होता.

आपल्याकडे वडापिंपळावर दिसतो तो हिरवा पोपट नव्हे. हा निराळाच. डोकं, पाठ आणि छाती पारव्यासारखी राखाडी, पंख निळे, शेपूट लांब आणि गडद निळी, आणि तिच्या टोकाला पिवळा रंग, जणू हळदीत बुडवून काढली असावी. गळ्याभोवती काळी पट्टी, तिच्या खाली निळसर हिरवी झाक, आणि चोच लालभडक. सह्याद्रीतल्या आणि खाली केरळापर्यंतच्या ओल्या जंगलांतच हा पोपट राहतो, जगात दुसरीकडे कुठे नाही, हे मला खूप नंतर कळलं. मावशी त्याला पोपट म्हणतच नसत. "ह्येका आमच्याकडे कीर म्हणतत," त्या सांगत. त्याला दुसरं नाव त्यांनी ठेवलं नव्हतं. कीर एवढंच.

त्याला फळं लागायची. पेरूची फोड, सफरचंद, जांभळाच्या दिवसांत जांभळं, पण सगळ्यांत आवडती उंबरं. मावशी पहाटे नॅशनल पार्कच्या भिंतीकडच्या रस्त्याला चालायला जात आणि येताना तिथल्या उंबराखालून ओच्यात फळं घेऊन येत. सोबत पहिल्या मजल्यावरच्या कुमुदबेन. एक नऊवारीतून पाचवारीत आलेली मालवणी बाई आणि एक पांढऱ्या केसांची, सडपातळ गुजराती बाई, दोघी वाकून रस्त्यावरची उंबरं वेचताहेत, हे चित्र आमच्या गल्लीत सगळ्यांच्या ओळखीचं होतं. तीस वर्षांची मैत्री होती. मावशींच्या घरात मासे शिजत म्हणून कुमुदबेन त्यांच्याकडे पाणीसुद्धा पीत नसत, पण रोज संध्याकाळी त्यांच्या दारातल्या खुर्चीवर तासभर बसत. उंबऱ्याच्या आत मावशी, बाहेर कुमुदबेन. गप्पा निम्म्या मराठीत, निम्म्या गुजरातीत.

त्या दोघींचं एकाच गोष्टीवर पटायचं नाही. कुमुदबेनना पिंजरा बघवत नसे. दर पर्युषणाच्या दिवसांत त्या सांगत, "सुमन, सोड त्याला. पाप लागते." मावशी म्हणत, "सोडलंय तर मांजर खायत. पंख कुठे आहे त्याला?" पंख खरंच बसलेला नव्हता. पिंजऱ्याचं दार उघडं असलं तरी कीर टुण्णकन खाली उतरून लादीवरून चालत फिरायचा. बोलायला मात्र तो कधी शिकला नाही. मी एकदा त्यावरून चेष्टा केली, तर मावशी म्हणाल्या, "बोलणारो पोपट कोणाक होयो? बोलणारी माणसा काय कमी आसत?"

तो बोलत नसे, पण ओरडत असे. त्याचा आवाज कर्कश होता, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा, आणि तो सकाळी नऊ ते अकरा या वेळेतच जास्त यायचा. पार्काकडून हिरव्या पोपटांचे थवे आमच्या इमारतीवरून जायचे, त्यांना उत्तर द्यायचा बहुधा. थवा दिसला की गजांना छाती लावून उभा राहायचा आणि तो दिसेनासा झाल्यावरही बराच वेळ ओरडत राहायचा.

मावशींची बाल्कनी आणि माझी कामाची खोली यांच्यात एकच भिंत होती. लॉकडाउननंतर आमच्या पवईच्या ऑफिसने आम्हाला घरूनच काम करायला सांगितलं. माझं काम दिवसभर फोनवर आणि व्हिडिओवर परदेशातल्या लोकांशी बोलण्याचं. नऊ ते अकरा हीच त्यांची आणि माझी गाठ पडायची वेळ.

मी मावशींना सांगितलं नाही असं नाही. दोनदा सांगितलं. पहिल्यांदा त्यांनी पिंजऱ्यावर जुनी चादर टाकली. दुसऱ्यांदा त्या पिंजरा स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि रोज सकाळी दोन तास, दार लावून, त्याच्याजवळ बसू लागल्या. तो ओरडू नये म्हणून त्याला एकेक उंबर हातात देत. हे मला मेघनाने सांगितलं. तरीही आवाज यायचाच, थोडा दबून यायचा. मग मला त्या आवाजाची वाट बघायची सवय लागली. तो आला नाही तरी मी चिडलेला असायचो.

एका सकाळी एका मोठ्या साहेबापुढे मला माझ्या टीमचं काम मांडायचं होतं. मी बोलत असताना कीर ओरडला. साहेबाने विचारलं, तुम्ही प्राणिसंग्रहालयात राहता का? सगळे हसले. त्यात माझ्या हाताखालची दोन मुलंही हसली. एवढंच झालं. पुढे ते काम मलाच मिळालं, माझं काही बिघडलं नाही. पण मला ते हसणं सहन झालं नाही. दुपारी जेवून झाल्यावर मी वन खात्याच्या मदतवाहिनीचा नंबर शोधला आणि एका घरात संरक्षित पोपट पिंजऱ्यात ठेवलाय अशी तक्रार केली. त्यांनी माझं नाव विचारलं. मी म्हटलं, नाव नको.

फोन ठेवल्यावर मी स्वतःला समजावलं, की कायद्याने हा पक्षी घरात ठेवायला बंदी आहे, तो जंगलातला जीव आहे, थवा बघून तो कसा तडफडतो. यातली एकही गोष्ट खोटी नव्हती. पण फोन करताना मी त्यातल्या एकाही गोष्टीचा विचार केला नव्हता.

तीन दिवसांनी दुपारी दोन माणसं आली, एक वनरक्षक आणि एक बाई. मी माझ्या दाराच्या भिंगातून बघत होतो. दोघंही नीट, हळू आवाजात बोलत होती. मावशींनी त्यांना आत घेतलं. दार उघडंच होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. बाई कायदा समजावून सांगत होत्या. मावशींनी वाद घातला नाही, रडल्या नाहीत. मग त्या म्हणाल्या, "दोन मिनिटां थांबा. वाटेत तेका भूक लागात." विळीवर पेरू चिरल्याचा आवाज आला. त्या दोघांनाही चहा झाला. जाताना वनरक्षकाने पिंजरा उचलला तेव्हा मावशी बाहेर आल्या, पिंजऱ्यावरची चादर नीट केली, आणि तिच्या कडेचा एक सुटा धागा त्यांनी कात्रीने कापला. लिफ्ट खाली गेली. मावशी बंद लिफ्टसमोर बराच वेळ उभ्या होत्या. मी भिंगाला डोळा लावून तेवढाच वेळ उभा होतो.

त्या रात्री जेवताना मी मेघनाला सांगितलं. ती घास ठेवून म्हणाली, "उद्या सकाळी जाऊन सांग त्यांना." मी म्हटलं, सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली आणि दारात मावशीच होत्या. हातात कोरे कागद आणि पेन. "झिला, तुझा मराठी बरा आसा," त्या म्हणाल्या. "माका एक अर्ज लिहून दी. कीर परत द्या म्हणून."

माझ्याच टेबलाशी, त्या भिंतीला लागून त्या बसल्या आणि सांगू लागल्या. मी लिहीत गेलो. तो कुठे सापडला, पंख कसा मोडला होता, काय खातो, पावसाळ्यात त्याला थंडी वाजते म्हणून पिंजऱ्याखाली सुकी गोणी कशी घालावी लागते. "लिही, माका कायदो माहीत नव्हतो. माहीत आसतो तर मीच विचारूक गेली आसती." दोन पानं झाली. त्या थांबल्या, की मी वाक्य पुरं करत होतो. त्यांना शब्द सुचत नव्हते तिथे मी चांगले शब्द घालत होतो. इतका मन लावून लिहिलेला दुसरा अर्ज माझ्या हातून झाला नसेल.

सही करून झाल्यावर त्यांनी विचारलं, "कोणी केला आसात रे ह्या?"

मी म्हटलं, कोण जाणे.

त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "कुमुदच. दुसरा कोण? दर वर्षी सोड सोड करायची."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. निदान नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "असेलही."

हा एक शब्द मी पुढे किती वेळा मनात परत घेतलाय. तो मी विचार करून बोललो नाही. तो फक्त सोयीचा होता आणि तोंडातून निघून गेला.

त्या संध्याकाळी कुमुदबेन वर आल्या तेव्हा दारात खुर्ची नव्हती. मावशींनी दार उघडलं, बघितलं आणि लावून घेतलं. पुढचे आठ-दहा दिवस कुमुदबेन रोज येत राहिल्या. सकाळी फाटकाशी थांबत, तर मावशी गच्चीत चालायला जात. शेवटी कुमुदबेननी माझी बेल वाजवली. उभ्याउभ्याच म्हणाल्या, "सुमन माझ्याशी का नाय बोलते? तुला काय माहीत आहे?" मी म्हटलं, नाही हो, मला काही कल्पना नाही. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग "बरं" म्हणून त्या जिन्याने खाली गेल्या. लिफ्ट असताना जिन्याने गेल्या.

चार महिन्यांनी त्यांचा मुलगा त्यांना बडोद्याला घेऊन गेला. गुडघे गेले होते, इथे एकटीने राहणं जमत नव्हतं. निघायच्या दिवशी सगळी इमारत त्यांच्या घरी भेटून आली. मावशी गेल्या नाहीत. गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा मी वर पाहिलं. मावशींच्या बाल्कनीतला पिंजऱ्याचा हूक रिकामा होता आणि काचेच्या दाराला पडदा ओढलेला होता.

अर्जाचं उत्तर आलं. पक्षी परत मिळणार नव्हता, पण त्याला बघायला येता येईल असं त्यात होतं. मावशी एकट्याच गेल्या. वन खात्याच्या त्या केंद्रात त्याला एका मोठ्या, जाळीच्या खोलीत इतर पोपटांबरोबर ठेवलं होतं. पंख जन्मभर असाच राहणार, त्यामुळे त्याला जंगलात सोडता येणार नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. मावशी पुढच्या गुरुवारी पुन्हा गेल्या. त्याच्या पुढच्याही.

तिसऱ्या की चौथ्या खेपेला त्यांनी तिथली फळं चिरायची पद्धत बघितली आणि त्यांना ती पटली नाही. फोडी मोठ्या, बिया तशाच, मधूनच एखादं नासकं. त्यांनी तिथल्या मुलीच्या हातातून सुरी घेतली. तेव्हापासून दर गुरुवारी सकाळी परबमावशी त्या केंद्रात सगळ्या पक्ष्यांची फळं चिरायला जाऊ लागल्या. पोपट, बुलबुल, पतंगाच्या मांज्यात सापडलेल्या हरोळ्या आणि तांबट, सगळ्यांची. फळांचे तीन ढीग लावत. तिथली मंडळी त्यांना चेकर मॅडम म्हणू लागली, आणि हे त्यांनी आम्हाला जरा मान ताठ करून सांगितलं.

एका गुरुवारी मी त्यांना सोडायला गेलो. शरमेपोटीच गेलो असं म्हणायला हवं. खूप दिवसांनी मी कीर पाहिला. आमच्या भिंतीपलीकडे असायचा तो हा पक्षी वाटेना. मावशींकडे असताना त्याच्या छातीवरची पिसं विरळ होती, तो स्वतःच उपटायचा. इथे ती भरून आली होती. निळा रंग इतका गर्द झाला होता, की उन्हात शेपटीचं पिवळं टोक त्याच्यापासून वेगळं काढल्यासारखं दिसायचं. एका फांदीवर तो आणखी एका तशाच पोपटाला चिकटून बसला होता. दुसरीची चोच काळी होती. मादी. ती त्याच्या मानेवरचं पीस न् पीस चोचीने उलगडून साफ करत होती आणि तो डोळे मिटून मान पुढे करत होता. मावशींनी हाक मारली. त्याने एक डोळा उघडला, त्यांच्याकडे बघितलं आणि परत मिटला.

येताना रिक्षात त्या म्हणाल्या, "थयसर तेका सोबत आसा. माझ्याकडे तो अकरा वर्षां एकटो होतो. आणि माका वाटायचा, मी आसंय ना." थोड्या वेळाने म्हणाल्या, "ज्यान फोन केल्यान, तेणा बरा केल्यान."

माझ्या छातीवरचं ओझं त्या क्षणी हललं. आता सांगून टाकावं, आता सांगितलं तर चालेल, असं वाटलं. मी तोंड उघडणार एवढ्यात त्या म्हणाल्या, "घरी गेल्यावर कुमुदाक फोन लावून दी. तुझ्या त्या व्हिडिओवर. मी तिचे उपकार मानतंय."

मी त्यांना रिक्षात सांगितलं नाही. जिन्यात सांगितलं नाही. माझ्या त्याच टेबलाशी त्यांना बसवून, फोन हातात धरून, कुमुदबेनना व्हिडिओ कॉल लावून दिला.

कुमुदबेन बारीक झाल्या होत्या. सुरुवातीला दोघी नुसत्याच एकमेकींकडे बघत होत्या. मग मावशी म्हणाल्या, "कुमुद, तू तक्रार केलंस तां बरा केलंस. कीर बरो आसा. माझाच चुकला. मी तुझ्याशी बोलूक नाय एवढे दिवस."

पलीकडून काहीच आवाज आला नाही. मला वाटलं नेट गेलं. कुमुदबेनच्या कपाळावर आठी पडली होती, आणि ती हळूहळू निघून गेली. कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात मावशींचा चेहरा होता आणि त्यांच्या मागे माझा खांदा. कुमुदबेन आमच्यापैकी कुणाकडे बघत होत्या, हे फोनवर कळत नाही.

मग त्या म्हणाल्या, "हो सुमन. मीच केला होता फोन. माझा जीव जळायचा त्याला बघून. तुला सांगायला पायजे होता मी. माफ कर मला."

मावशी रडायला लागल्या. कुमुदबेनही. चित्र हलू नये म्हणून मावशींनी माझं मनगट धरून ठेवलं.

त्यानंतर रोज दुपारी चार वाजता दोघी बोलायच्या. मेघनाने मावशींना व्हिडिओ कॉल लावायला शिकवला. भिंतीपलीकडून आता तो आवाज यायचा, निम्मा मराठी, निम्मा गुजराती, मधेच हसणं. असे सात महिने गेले. मग एका दुपारी चार वाजता फोन उचलला गेला नाही. कुमुदबेन जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नव्हत्या.

मावशी बडोद्याला प्रार्थनासभेला जाऊन आल्या. आल्यावर त्यांनी एक गोष्ट सगळ्यांना सांगायला सुरुवात केली. केंद्रातल्या मुलींना, भाजीवाल्या बाईला, लिफ्टमध्ये भेटणाऱ्या प्रत्येकाला. माझ्या मैत्रिणीने माझा राग पत्करून एका पाखराला सोबत मिळवून दिली, माझ्यात तेवढी अक्कल नव्हती, तिच्यात होती. गोष्ट सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा. मीही ती पुष्कळदा ऐकली. मान डोलावून ऐकली. मेघना मात्र ती सुरू झाली की उठून आत जायची. माझ्याशी ती त्या विषयावर परत कधी बोलली नाही. तिने बोलणं सोडून दिलं होतं, हे मला टोचत होतं.

पुनर्बांधणीला अखेर मंजुरी मिळाली आणि इमारत रिकामी करायची वेळ आली. आम्ही मुलुंडला भाड्याची जागा बघितली. मावशी म्हणाल्या, नवी इमारत उभी राहीपर्यंत त्या गावी राहतील, भाचीकडे. त्यांचं वय बघता नवी इमारत त्या बघतील असं कुणालाच वाटत नव्हतं. त्यांनाही नाही.

त्या निघाल्या त्या सकाळी भाची सामान घेऊन खाली गेली होती. मी मदतीला म्हणून आत गेलो. घर रिकामं होतं. मावशी खिडकीच्या कट्ट्यावर बसल्या होत्या. आता नाही तर कधीच नाही, हे मला कळत होतं. मी उभ्याउभ्याच म्हणालो, "मावशी, तो फोन मी केला होता. वन खात्याला. कुमुदबेननी नव्हता केला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कित्या?" त्यांनी विचारलं.

पक्ष्याची दया आली असं मी म्हणू शकलो असतो. त्यांनी ते मानलंही असतं. मी म्हटलं, "माझ्या मीटिंगमध्ये आवाज यायचा."

मी त्यांच्या रागाची वाट बघत होतो. मला तो हवाही होता. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग आला नाही. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. बोलल्या तेही जणू माझ्याशी नव्हे.

"मगे कुमुद हो कित्या म्हणाली?"

त्यांनी तोच प्रश्न परत विचारला, आणखी हळू. तिसऱ्यांदा नुसते ओठ हलले. आणि मग त्यांना कळलं, की न केलेल्या गोष्टीची माफी कुमुदबेननी कशासाठी मागितली होती. ते कळताना मी त्यांचा चेहरा बघितला आणि मला मान खाली घालावी लागली. हे सांगायला मी इतका उशीर केला होता, की आता दुपारी चार वाजता तो फोन उचलायला कुणीच उरलं नव्हतं.

भाचीने खालून हाक मारली. मावशी उठल्या. लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. त्या समोरच्या बंद दाराकडे बघत होत्या. गाडीत मागच्या सीटवर बसल्यावर त्यांनी काच खाली केली. मी वाकलो. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील.

"थोडा पाणी आण," त्या म्हणाल्या.

मी धावत वर गेलो. आमच्या घरातही सामान बांधलेलं होतं, पेला सापडेना. एका खोक्यातून काढला, विसळला, माठातलं पाणी भरलं आणि न सांडता खाली आणलं. फाटक उघडं होतं. गाडी गेली होती. वॉचमन म्हणाला, मावशींनीच ड्रायव्हरला निघायला सांगितलं.

मी पाण्याचा पेला घेऊन फाटकात उभा होतो.